आधी कोणाला कळलं?



पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन क्रिकेटवर बोलायचं मी ठरवलं, तेव्हा काही स्नेह्यांनी विचारलं, आता त्यात बोलण्यासारखं उरलं काय? प्रश्न रास्त आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर झालं, आणि २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. ड्रीम११ या कंपनीने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव उतरलं. मग विषय संपला, असं कुणालाही वाटेल.

मला तसं वाटत नाही. आपण खेळ बंद केला, पण तो खेळ खेळणाऱ्यांशी नीट वागत होता का, हा प्रश्न देशात कधी धसाला लावलाच नाही. न्यायालयात दहा वर्षं वाद चालला तो एकाच मुद्द्यावर: हे कौशल्य की नशीब? मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे. पैसे लावण्याआधी कोणाला काय माहीत होतं, आणि ते इतरांना का माहीत नव्हतं?

हा प्रश्न खान्देशाला नवा नाही. आपल्या कापसाने तो फार आधी विचारला होता.

जुन्या कापूस बाजारात ‘हत्ता’ पद्धत होती. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. ज्याचा कापूस, तो गाडीजवळ उभा असायचा, पण त्याच्याच मालाला कोणी किती बोली लावली हे त्याला दिसायचं नाही. लिव्हरपूलचा भाव तारेने मुंबईला यायचा, मुंबईचा भाव इथल्या अडत्याला कळायचा, आणि शेतकऱ्याला सगळ्यांत शेवटी, तोही सांगणाऱ्याच्या सोयीने. व्यापाऱ्याकडे कौशल्य नव्हतं असं नाही. बोंड हातात घेऊन धाग्याची लांबी सांगणारी ती माणसं होती. पण त्यांची कमाई केवळ या कौशल्याची नव्हती. समोरच्याच्या अज्ञानाचीही होती. म्हणून वऱ्हाडात १८९७ मध्ये बाजाराचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९२७ मध्ये कापूस बाजार कायदा झाला, आणि त्या कायद्याखाली नियंत्रित झालेल्या सुरुवातीच्या बाजारांत आपलं धुळे होतं. पुढे रुमाल गेला आणि उघड लिलाव आला. बाजार समित्यांमध्ये आज काय चालतं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण तत्त्व पक्कं झालं: बोली सगळ्यांसमोर लागली पाहिजे, आणि वजन सगळ्यांसमोर झालं पाहिजे.

याच कापसातून सट्टाही उगवला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. त्याला ‘अंकफरक’ म्हणत. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. मग आकडा आणायचा कुठून? १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत, आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी मटका’ म्हणून आकडा काढायला सुरुवात केली. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या, मग पत्त्यांची पानं. ओपन आणि क्लोजच्या या धंद्याने किती घरं बुडवली हे जुन्या मंडळींना सांगायला नको. पण आकडा लोकांसमोर निघतो, या विश्वासावर तो धंदा वाढला, हे विसरू नये. ज्या दिवशी लोकांना वाटलं असतं की आकडा आधीच कुणाला तरी सांगितलेला आहे, त्या दिवशी तो बुडाला असता.

आणि आपली आखाजी. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. त्या जुगाराचं मी समर्थन करत नाही. त्यापायी दागिने मोडल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. तरी झन्नामन्नाच्या डावात पानं सर्वांदेखत पिसली जातात, कोण मुरलेला आणि कोण नवखा हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि लबाडी करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचं असतं.

आता मोबाइलवरच्या डावाकडे, म्हणजे फँटसी क्रिकेटकडे येऊ. तुमच्यापैकी तरुणांना तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन संघांच्या बावीस खेळाडूंतून ठरलेल्या क्रेडिटच्या मर्यादेत अकरा निवडायचे. कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. मेगा कॉन्टेस्टला ४९ रुपये पडायचे. ‘टीम लावली का?’ हा आयपीएलच्या दिवसांत पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत टपरीवरचा नेहमीचा प्रश्न झाला होता.

बावीसमधून अकरा निवडण्याचे प्रकार किती? ७,०५,४३२. प्रत्येकात कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन बदलले, तर ७,७५,९७,५२०. क्रेडिटच्या आणि फलंदाज-गोलंदाजांच्या अटींमुळे यातले बरेच गळतात, तरीही उरलेली संख्या माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. हा हिशेब करायची रीत भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त दिली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आहे, आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ज्या प्रदेशात हे गणित शिकवलं जायचं, तिथला मुलगा अंगठ्याने एक टीम लावायचा. त्याच स्पर्धेत संगणकावर गुणांचे अंदाज चालवून एकाच वेळी अनेक संघ उतरवणारा माणूस बसलेला असायचा. पडद्यावर दोघांची फक्त टोपणनावं दिसायची. आपण कुणाबरोबर बसलो आहोत, हे नवख्याला कळायची सोय नव्हती.

याचा परिणाम काय होतो, ते अमेरिकेत मोजलं गेलं. २०१५ च्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागातल्या फँटसी स्पर्धांचा अभ्यास मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने केला होता. त्यात नफ्याचा ९१ टक्के भाग अवघ्या १.३ टक्के खेळाडूंच्या खिशात गेल्याचं दिसलं. भारतातल्या कंपन्यांनी असा तक्ता लोकांपुढे ठेवावा, अशी सक्ती त्यांच्यावर कोणीच केली नाही. पण कंपनीचा वाटा आपल्याला साधारण ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयातल्या २०१९ च्या ड्रीम११ खटल्यात जमा रकमेपैकी २० टक्के कंपनीकडे आणि ८० टक्के बक्षिसांत, असा हिशेब आला होता. शंभर जणांनी ४९ रुपये भरले की ४,९०० जमतात, ९८० कंपनीचे होतात, ३,९२० वाटायला उरतात. म्हणजे सगळे सारखेच हुशार असले, तरी सगळ्यांनी मिळून पहिल्याच पावलाला वीस टक्के गमावलेले असतात. त्यातून मुरलेल्यांचा वाटा गेला की बाकीच्यांना काय उरतं, ते तुम्हीच मांडून पाहा.

इथपर्यंतची विषमता गणिताची होती. एखादा म्हणेल, अभ्यास करणारा जिंकला तर त्यात चूक काय? मी ते मान्य करतो. बुद्धिबळात विश्वनाथन आनंद माझ्याविरुद्ध जिंकेल, त्यात अन्याय नाही, कारण समोर आनंद बसला आहे हे मला दिसतं आणि पट सगळा उघडा असतो. माझी हरकत दुसऱ्या माहितीवर आहे, जी कितीही अभ्यासाने मिळत नाही, फक्त आत असल्यामुळे मिळते.

सप्टेंबर २०१५ मध्ये ड्राफ्टकिंग्ज या अमेरिकी फँटसी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने, कोणता खेळाडू किती जणांनी घेतला आहे याची आकडेवारी चुकून वेळेआधी प्रसिद्ध केली. त्याच आठवड्यात त्याच माणसाने फॅनड्युएल या प्रतिस्पर्धी कंपनीच्या स्पर्धेत साडेतीन लाख डॉलर जिंकले होते. ही आकडेवारी सोन्यासारखी असते. हजारो जणांनी घेतलेला खेळाडू चमकला तर बक्षीस हजारोंत विभागलं जातं. फार थोड्यांनी घेतलेला चमकला तर बक्षीस एकट्याचं. कंपनीने नेमलेल्या वकिलांच्या संस्थेने चौकशी केली आणि सांगितलं की संघ बदलायची मुदत संपल्यानंतरच त्याला ती माहिती मिळाली होती, त्याने गैरफायदा घेतला नाही. तसंच असेल. पण त्या प्रकरणात खरी धक्कादायक गोष्ट दुसरीच बाहेर आली. एका कंपनीचे कर्मचारी दुसऱ्या कंपनीच्या स्पर्धेत पैसे लावू शकत होते, आणि ते त्या दिवसापर्यंत कुणाला वावगं वाटलं नव्हतं. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना खेळायला मनाई केली. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी फसव्या जाहिरातींबद्दल २०१६ मध्ये दोघींकडून प्रत्येकी साठ लाख डॉलर वसूल केले. मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच वर्षी नियम केले: कर्मचारी खेळणार नाहीत, आपोआप संघ भरणारे प्रोग्राम चालणार नाहीत, एका माणसाने किती संघ उतरवायचे याला मर्यादा, मुरलेल्या खेळाडूच्या नावापुढे खूण, आणि नवख्यांच्या स्पर्धेत मुरलेल्यांना प्रवेश नाही.

हे नियम वाचताना मला आपला कापूस बाजार आठवतो. रुमाल काढायचा, बोली उघड करायची, दलालाला स्वतःच खरेदीदार होऊ द्यायचं नाही. तीच तत्त्वं, शंभर वर्षांनी.

भारतात काय झालं? ड्रीम११ निवडीची टक्केवारी सर्वांना दाखवत असे. ते चांगलंच होतं. पण आतल्या माहितीचा पूर्ण साठा कोण पाहतो, त्याची तपासणी कोण करतो, हे विचारणारी सरकारी यंत्रणा नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये नीती आयोगाने फँटसी खेळांसाठी स्वनियमनाचा मसुदा काढला. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती होऊन स्वनियामक संस्थांची तरतूद झाली, पण त्या संस्था उभ्याच राहिल्या नाहीत. २०२० मध्ये आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्व ड्रीम११ला २२२ कोटींना विकलं गेलं, २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर तिचं नाव आलं, कोट्यवधी लोक खेळत राहिले, आणि आतल्यांना आवर घालणारा नियम मात्र कागदावरच राहिला.

आतल्या माहितीचं दुसरं दार मैदानावर आहे. १९९४ मध्ये श्रीलंकेत शेन वॉर्न आणि मार्क वॉ यांनी एका सट्टेबाजाकडून पैसे घेतले आणि त्याला खेळपट्टी आणि हवामानाबद्दल सांगितलं. १९९८ मध्ये ते जगाला कळलं. सामना विकल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. नुसत्या माहितीचे पैसे होते. २०१३ च्या आयपीएल प्रकरणात न्यायमूर्ती मुद्गल समितीने चेन्नई संघाच्या गुरुनाथ मय्यपन यांच्यावर सट्टा लावल्याचा आणि संघाची माहिती पुरवल्याचा ठपका ठेवला; २०१५ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी बाहेर काढले. २०२३ मध्ये सट्ट्यात पैसे गमावलेल्या एका माणसाने आतली बातमी मागण्यासाठी मोहम्मद सिराजशी संपर्क साधला होता, आणि सिराजने ते ताबडतोब क्रिकेट मंडळाला कळवलं. त्या खेळाडूचं मला मनापासून कौतुक वाटतं.

फँटसीमध्ये तर या माहितीची किंमत आणखी वाढते. साध्या सट्ट्यात कोण जिंकणार एवढंच हवं असतं. इथे कोण अकरामध्ये आहे, कोणाचा स्नायू दुखावला आहे, कोण सलामीला येणार, कोण चारही षटकं टाकणार, यातली प्रत्येक गोष्ट गुणांत मोजली जाते. मसाज करणाऱ्यापासून बसच्या चालकापर्यंत प्रत्येकाकडे विकण्याजोगं काहीतरी असतं. क्रिकेट मंडळाचे भ्रष्टाचारविरोधी नियम अशी माहिती देण्यास मनाई करतात, आणि त्याच मंडळाने या माहितीला सर्वाधिक भाव ज्या धंद्यात येतो, त्याचं नाव खेळाडूंच्या छातीवर लावलं होतं. हे चुकीचं होतं. ते तेव्हाच कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं.

अधिकृत माहितीही सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. आयपीएलमध्ये सातला नाणेफेक होते, मग अकरा खेळाडू जाहीर होतात, साडेसातला सामना सुरू होऊन टीम बदलायचं दार बंद व्हायचं. पुण्यात तीन पडदे उघडून बसलेल्याला ती तीस मिनिटं पुरेशी असायची. यावलच्या केळीबागेत मोटर चालू करायला गेलेल्या, नेटवर्कसाठी बांधावर चढणाऱ्या मुलाची टीम दुपारीच लावलेली असायची, आणि तिच्यात न खेळणारे दोघे-तिघे राहून जायचे. त्याचे ४९ रुपये सामना सुरू व्हायच्या आत गेलेले असायचे.

आणि सामना जितका लहान, तितका आतला माणूस मोठा. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी एक बनावट ‘आयपीएल’ पकडली. शेतमजूर आणि बेकार तरुणांना सामन्याला चारशे रुपये देऊन शेतात खेळवलं जात होतं, यूट्यूबवर दाखवलं जात होतं, आणि रशियातून लोक त्यावर पैसे लावत होते. तिथे सगळंच आतलं होतं. बाहेरचा फक्त पैसे लावणारा.

आता न्यायालयांबद्दल. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, मुंबईने २०१९ मध्ये आणि राजस्थानने २०२० मध्ये फँटसी हा कौशल्याचा खेळ ठरवला. आपल्या मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारविरोधी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला जुगारातून वगळतो, तेव्हा कंपन्यांचा सगळा जोर कौशल्य सिद्ध करण्यावर होता. त्यांनी ते सिद्ध केलं. पण त्याचा अर्थ जाहिरातीत कधी सांगितला नाही. खेळ कौशल्याचा असेल, तर नवखा मुरलेल्याकडून सातत्याने हरणार. मग रिक्षावाला एका रात्रीत करोडपती झाल्याचं दाखवून नवख्याला बोलावणं ही दिशाभूल आहे. आणि कोणीही जिंकू शकतो हे खरं असेल, तर तो नशिबाचा खेळ आहे आणि न्यायालयात सांगितलेलं खरं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. कंपन्यांनी न्यायाधीशांना एक सांगितलं आणि आपल्या मुलांना दुसरं, आणि दोन्हीचा फायदा घेतला. खेळाडूंनी त्या जाहिराती केल्या. बच्चू कडू २०२३ मध्ये सचिन तेंडुलकरांच्या घरासमोर आंदोलनाला बसले, ते अशाच एका जाहिरातीविरुद्ध. त्यांच्या राजकारणाशी सहमत असण्याची गरज नाही. प्रश्न योग्य होता.

त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने फँटसी खेळात दीड कोटी जिंकले आणि त्यांना निलंबित करण्यात आलं. सगळ्या महाराष्ट्रात ती बातमी झाली. त्या रात्री हरलेल्या लाखोंची बातमी झाली नाही, कारण त्यांची मोजदादच कुठे ठेवलेली नव्हती. पुढे विधेयक मांडताना सरकारने अंदाज दिला की सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २०,००० कोटी रुपये गमावतात. यात रमीपासून सगळे पैशांचे खेळ आले. हा आकडा इतक्या उशिरा, तोही अंदाज म्हणून समोर यावा, यातच आपलं दुर्लक्ष दिसतं.

बंदीनंतर काय? कायद्याला दिलेली आव्हानं सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतली. दरम्यान खेळण्याची सवय काही कायद्याने गेलेली नाही. परदेशातून चालणारी ॲप आहेत, टेलिग्रामवर ‘प्राइम टीम’ आणि ‘फिक्स रिपोर्ट’ विकणारे आहेत. त्यांचं गणित मी तुम्हाला सांगतो, म्हणजे घरी जाऊन मुलांना सांगता येईल. आठशे लोकांचे पत्ते घ्यायचे. चारशेंना कळवायचं की अमुक संघ जिंकणार, चारशेंना उलट. सामना झाला की चुकलेल्या चारशेंना सोडून द्यायचं. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. चार सामन्यांनंतर पन्नास जण असे उरतात, ज्यांच्या बाबतीत या माणसाचं भाकीत चारही वेळा अचूक आलेलं असतं. त्यांना खात्री पटते की याला आतून बातमी मिळते. पाचव्या सामन्याआधी तो पैसे मागतो, आणि ते देतात. या माणसाला कसलीही बातमी नसते. आपल्याला आत कोणीतरी हवा, या लोकांच्या समजुतीवर त्याचं पोट चालतं. आणि ती समजूत दहा वर्षांत पक्की झाली, कारण आतल्यांनाच मिळतं हे लोकांनी पाहिलं होतं.

उद्या न्यायालयाने कायदा कायम ठेवला तर ठीक. रद्द केला, किंवा सरकारने कधी परवान्याची वाट उघडली, तर खान्देशच्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे की पुन्हा कौशल्य की नशीब यातच अडकू नका. किती जण जिंकले आणि किती हरले, याचा तक्ता कंपनीने दर तिमाहीला छापावा. तिच्या आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना, संघांच्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना खेळायची बंदी असावी, आणि ती बाहेरच्या यंत्रणेने तपासावी. मुरलेल्याच्या नावापुढे खूण असावी. क्रिकेट मंडळाने अशा कंपनीचा एक रुपयाही घेऊ नये. एवढं मान्य नसेल, तर परवाना देऊ नये.

आणि सभागृहातल्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगायची आहे. या कायद्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तुमच्या घरातल्या मुलाने, भावाने, नवऱ्याने पैसे गमावले असतील, तर पोलिसांच्या भीतीने ते लपवू नका. फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करा. मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हे दोन्ही क्रमांक आजच लिहून घ्या, आणि ज्याच्याबद्दल तुम्हाला शंका आहे त्याच्याशी या आठवड्यात बोला.